जुन्या पिस्तुलाचा भाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जुन्या वस्तूंच्या बाजाराचा एक साधा नियम आहे. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते. सायकल, शिवणयंत्र, मोटार ह्यांपैकी कोणतीही वस्तू दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली की तिच्या किमतीचा काही भाग तेथेच झडून जातो, आणि पुढे वर्षागणिक झडत राहतो. घरातले पितळी पातेले मोडीत काढले तर निदान धातूचे मोल पदरात पडते. लाकडी कपाटाचे तेवढेही पडत नाही. ह्या नियमाला सोने आणि जमीन हे अपवाद सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ह्या पंक्तीत आणखी एक वस्तू मानाने बसलेली आहे, आणि तिची चर्चा राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत क्वचितच होते. ती वस्तू म्हणजे परदेशी बनावटीचे जुने पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर.

भारतातील परवानाधारक शस्त्रांच्या बाजारात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे, नळीवरचा मुलामा झिजलेले, मुठीच्या कडा गुळगुळीत झालेले इंग्लिश रिव्हॉल्व्हर काही लाख रुपयांना विकले जाते. सरकारी कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले, तेलाचा वासही न गेलेले नवे हत्यार त्याच्यापुढे स्वस्त ठरते. जुने महाग आणि नवे स्वस्त, हा उलटा न्याय कोठून आला? ह्या किमतीत लोखंड किती, कारागिरी किती, आणि समाजव्यवस्था किती? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे. वरवर पाहता तो शौकिनांचा वाटेल. वस्तुतः तो सत्तेच्या वाटपाचा विषय आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १८५७च्या उठावानंतर दोन दशकांनी, लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. त्यान्वये हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. शस्त्र हे संरक्षणाचे साधन म्हणून नव्हे, तर राज्यकर्त्याच्या मर्जीतील माणसाची खूण म्हणून ह्या देशात रुजले ते तेव्हापासून. संस्थानिक, जहागीरदार, रावबहादूर, निष्ठावंत पाटील-सावकार ह्यांच्या भिंतीवर बंदूक लटकू लागली आणि ती बंदूक गावाला सांगू लागली की ह्या घराची कलेक्टरसाहेबांकडे ऊठबस आहे. राष्ट्रीय सभेने ह्या कायद्यातील भेदभावाचा वेळोवेळी निषेध केला. १९३१च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदविलेला आहे. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८मध्ये हरि विष्णु कामत ह्यांनी हा हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. हेच कामत पुढे समाजवादी पक्षाचे खासदार म्हणून गाजले. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला व ती फेटाळली गेली. ज्या वर्षाच्या जानेवारीत एका पिस्तुलाने राष्ट्राचा पिता हिरावून नेला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही चर्चा झाली, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र अधिनियम आला. वंशभेद गेला; पण परवाना देण्या-न देण्याचा अधिकार जिल्हाधिकारी व पोलीस आयुक्त ह्यांच्याकडेच राहिला आणि त्याबरोबर मर्जीही राहिली. ह्या कायद्याने हत्यारांचे दोन वर्ग पडले. सैन्य व पोलीस ज्या मापाची काडतुसे वापरतात ती हत्यारे सामान्य नागरिकास निषिद्ध. उरलेली परवान्यावर खुली. हातातल्या शस्त्रांपैकी नागरिकाच्या वाट्याला आले ते मुख्यतः बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर व पिस्तूल. मग १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. नेमबाजीच्या खेळाडूंना सवलत राहिली, इतरांना दार मिटले. त्या दिवसापासून देशात आधीच असलेली वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट, वाल्थर ही हत्यारे मोजकी झाली. मोजकी वस्तू आणि वाढते गिऱ्हाईक असे गणित जमले की भाव कोठे जातो हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

तेव्हा जुन्या वेब्लीची जी किंमत दिसते तिचा मोठा भाग बर्मिंगहॅमच्या कारागिराने घडविलेला नाही. तो दिल्लीच्या एका आदेशाने घडविलेला आहे. त्या आदेशाचा हेतू हिंसा रोखण्याचा असेल. परिणाम मात्र असा झाला की ज्यांच्या घरी अशी हत्यारे होती त्यांच्या हाती काही न करता वाढणारी मालमत्ता आली. ही घरे कोणाची होती? जमीनदार, माजी संस्थानिक, बडे ठेकेदार, वरिष्ठ सनदी व लष्करी अधिकारी ह्यांची. शहराच्या कडेची जमीन जशी रस्ता झाला की आपोआप सोन्याची होते, तसेच हे झाले. श्रमावाचून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हा प्रकार जमिनीच्या बाबतीत समाजवादी कार्यकर्त्याला चटकन ओळखू येतो. पिस्तुलाच्या बाबतीतही तो ओळखता आला पाहिजे.

ज्या ब्रिटनमध्ये ही हत्यारे बनली तेथे त्यांचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा गोळ्या घालून बळी घेतला. त्याच्याजवळची पिस्तुले परवान्याचीच होती. लोक हळहळून थांबले नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि सरकारला जाब विचारला. १९९७मध्ये तेथे खाजगी पिस्तुलांवर बंदी आली. सरकारने भरपाई देऊन दीड लाखाहून अधिक हातशस्त्रे परत घेतली आणि ती नष्ट करविली. म्हणजे ज्या वेब्लीला तिच्या जन्मभूमीत सामान्य घरात स्थान उरले नाही, तीच लखनौ-कानपूरच्या बाजारात घराण्याचे भूषण म्हणून मिरवते. ह्या नावाची मोहिनी एवढी की २०२०मध्ये उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे त्याच नावाचे रिव्हॉल्व्हर भारतातच बनविण्याचा उद्योग जाहीर झाला. देशात सर्वांत जास्त शस्त्रपरवाने ज्या राज्यात आहेत त्याच राज्याची त्यासाठी निवड व्हावी, हा योगायोग नव्हे.

आता लौकिकाकडे वळू. जुन्या हत्याराची पत ठरते कशावर? जाणकार सांगतात की ते अडू नये, घोडा दाबल्यावर फसू नये, सुटे भाग मिळावेत, आणि नळीवर मूळ कारखान्याचा ठसा असावा. ह्यातील पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही यंत्राला लागू आहेत. परंतु चौथी गोष्टच प्रत्यक्षात सर्वांत जड भरते. बहुतेक परवानाधारक आयुष्यात चार-दोन वेळांपलीकडे गोळी झाडीत नाहीत. त्यांना हत्यार चालण्याशी कर्तव्य कमी आणि दिसण्याशी जास्त. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत, पंचायत समितीच्या आवारात कमरेला लटकलेली कातडी म्यान हीच त्याची खरी कामगिरी. म्हणूनच त्याच्या पुनर्विक्रीच्या किमतीत मालकाच्या प्रतिष्ठेचा अंश मिसळलेला असतो. अमक्या राजेसाहेबांकडचे, तमक्या कर्नलसाहेबांनी वापरलेले, असे सांगून भाव चढविला जातो. हत्यार विकत घेणारा लोखंडाबरोबर एक जुना दराराही विकत घेत असतो.

कायद्याप्रमाणे असे हत्यार विकावयाचे तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास वा पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबले पाहिजे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली व तिसरे हत्यार वर्षाच्या आत जमा करण्यास वा विकण्यास सांगितले. ही दुरुस्ती योग्य दिशेची होती. परंतु तीच सभागृहे ज्यांनी भरतात त्यांच्या बाबतीत वेगळी वागणूक कशी चालत आली, हेही सांगितले पाहिजे. विमानतळांवर व बंदरांत सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी पिस्तुले वर्षानुवर्षे खासदार व अतिविशिष्ट व्यक्तींना सरकारी मूल्यांकनाच्या दराने विकली गेली. माहितीच्या अधिकाराखाली हे उघडकीस आले. बाजारात जी वस्तू लाखांत जाते ती लोकप्रतिनिधीस सरकारी दरात मिळावी, ह्याचा अर्थ जप्तीच्या मालातूनही प्रतिष्ठितांना नजराणा मिळाला. आयात बंद करून जी टंचाई निर्माण झाली, तिचा लाभ टंचाई निर्माण करणाऱ्यांनीच घ्यावा, ह्याला कोणता लोकशाही संकेत आधार देतो?

परवानाच जेथे मौल्यवान, तेथे परवान्याचाही बाजार भरणार. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ ह्या काळात अडीच लाखांहून अधिक शस्त्रपरवाने गैरमार्गाने दिले गेल्याच्या आरोपाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतला आणि त्यात सनदी अधिकाऱ्यांची नावे आली. महाराष्ट्राने दूर पाहण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचाची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर हवेत गोळ्या झाडणाऱ्या पुढाऱ्यांच्या चित्रफिती लोकांपुढे आल्या आणि तेव्हा कळले की ह्या एकट्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. मग प्रशासन जागे झाले आणि शेकडो परवाने रद्द झाले. ऊसतोडीसाठी दरवर्षी लाखो माणसे ज्या जिल्ह्यातून बाहेर पडतात, ज्याच्या गावोगावी पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते, तेथे प्राणभय नेमके कोणाला होते? कोयता घेऊन कारखान्याच्या फडात जाणाऱ्या बाईला तर परवाना मिळाला नव्हता! तो मिळाला वाळूच्या, ठेक्यांच्या आणि सत्तेच्या आसपास वावरणाऱ्यांना.

परवान्याचे हत्यार सुरक्षित आणि बिनपरवान्याचे तेवढे धोक्याचे, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, पोलीस अधिकाऱ्याच्या खोलीत गोळीबार झाला. त्यातील आरोपी सत्ताधारी पक्षाचा आमदार होता. त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईत बोरिवलीला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तो मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलाने. आणि त्या पिस्तुलाचा परवाना उत्तर प्रदेशातील होता. एका राज्यात दिलेली मर्जी दुसऱ्या राज्यात जीव घेते, तेव्हा नोंदवहीतील शिक्का कोणाचेही रक्षण करू शकत नाही.

येथपर्यंत उघड बाजाराचे वर्णन झाले. ह्या बाजाराच्या सावलीत दुसरा बाजार आहे आणि तेथील न्याय नेमका उलटा आहे. उघड बाजारात हत्याराचा इतिहास त्याची किंमत वाढवितो. चोरट्या बाजारात इतिहास जितका पुसलेला, तितकी किंमत जास्त. तेथे ठसा नसणे हाच ठसा. ज्या पिस्तुलाने पूर्वी कोणाचा जीव घेतला असेल ते घेणाऱ्याच्या गळ्यात फास होऊन पडू शकते. म्हणून तेथे नवेपणाला भाव असतो, आणि वापरलेले हत्यार कोणीतरी अजाण, गरजू पोराच्या हाती कमी दामात टेकविले जाते. पकडले जाते ते पोर. राष्ट्रीय गुन्हे नोंदींकडे नजर टाकली तरी हे दिसते की देशात दरसाल जप्त होणाऱ्या बंदुका-पिस्तुलांत बिनपरवाना व गावठी हत्यारांचे प्रमाण फार मोठे असते.

ही गावठी हत्यारे येतात कोठून? बिहारमधील मुंगेरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अठराव्या शतकात नबाब मीर कासीमने आपली राजधानी तेथे हलविली व शस्त्रशाळा उभारली, तेव्हापासून तेथील कारागिरांच्या हातात ती विद्या आहे. महाराष्ट्रात येणाऱ्या मालाचा एक मोठा उगम याहून जवळ आहे. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात उमरटी हे गाव आहे. तेथे आणि खरगोन, बुऱ्हाणपूरच्या काही वस्त्यांत सिकलीगर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचे काम करीत आली. मराठीत ज्याला शिकलगार म्हणतात तोच हा शब्द. तलवारीला धार लावणारा, ढालीला झिलई देणारा हा कारागीर. राजेरजवाडे गेले, तलवारी गेल्या, कुलुपे व सुऱ्या कारखान्यातून येऊ लागल्या, आणि ह्या कसबी हातांना गिऱ्हाईक उरले ते एकच. पुण्या-मुंबईच्या टोळ्यांना जे पिस्तूल कितीतरी पट किमतीला मिळते, त्यातील अगदी थोडा वाटा भट्टीजवळ बसलेल्या माणसाच्या पदरात पडतो. बाकीचा वाटा दलालांचा, वाहतूकदारांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा. ऊस, कापूस, कांदा ह्यांच्या बाजारात उत्पादकाची जी गत, तीच ह्या पापाच्या बाजारातही. पोलिसांच्या धाडी होतात, भट्ट्या मोडल्या जातात, तरुण तुरुंगात जातात आणि थोड्याच दिवसांत भट्टी पुन्हा पेटते. कारण ती पेटती ठेवणारी मागणी शहरात असते, आणि तिच्यावर धाड पडत नाही.

ह्या दोन बाजारांत भिंत आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पिस्तूल गावच्या भट्टीत बनू शकते. भरवशाचे काडतूस बनविणे सोपे नसते. गावठी पिस्तुलांचा बराच मोठा भाग साडेसात मिलिमीटरच्या वरच्या, म्हणजे ७.६५ मापाचा असतो, आणि हे माप म्हणजे परवान्याच्या बत्तीस बोअर पिस्तुलाचेच दुसरे नाव. म्हणजे परवानाधारकाच्या कोट्यातून गळालेले काडतूस चोरट्या पिस्तुलात अचूक बसते. ज्या घरात पन्नास काडतुसे घेतली जातात आणि वर्षानंतर त्यांचा हिशेब कोणी विचारीत नाही, ते प्रतिष्ठित घर नकळत दुसऱ्या बाजाराचा पुरवठेदार होते.

मित्रहो, जुन्या पिस्तुलाच्या बाजाराने ह्या देशाकडून काय हिरावून घेतले, ह्याचा दाखला द्यावयाचा तर १९४८च्या जानेवारीकडे जावे लागते. त्या कटाची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. परंतु ती हत्यारांच्या बाजूने क्वचित वाचली जाते. पुण्यात दिगंबर बडगे ह्याचे शस्त्रभांडार होते. दुकानात सुरे, जंबिये उघडपणे मिळत आणि पडद्याआड इतर मालही मिळे. पुढे माफीचा साक्षीदार झालेल्या ह्याच बडग्याच्या जबानीत २० जानेवारीची हकीकत आहे. दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या रानात कटवाल्यांनी दोन जुनी रिव्हॉल्व्हरे तपासून पाहिली. एक नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंत पोहोचेना. त्या दिवशीचा बेत फसला ह्याला अनेक कारणे होती. भरवशाचे हत्यार नव्हते हे त्यांतले एक. मग नथुराम गोडसे व नारायण आपटे चांगल्या पिस्तुलाच्या शोधात ग्वाल्हेरला गेले आणि २८ जानेवारीला त्यांना ते मिळाले: इटलीच्या बेरेटा कारखान्याचे, १९३४च्या नमुन्याचे, ६०६८२४ क्रमांकाचे. मुसोलिनीच्या सैन्यासाठी घडविलेले एक वापरलेले हत्यार, एका संस्थानी शहरात, ओळखीपाळखीने, हातोहात. दोनच दिवसांनी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर त्यातून तीन गोळ्या सुटल्या. खटल्यात ग्वाल्हेरचे तीन आरोपी अखेरपर्यंत फरारी म्हणूनच नोंदले गेले.

त्या व्यवहाराचा विचार करावा. जुना बाजार ज्याला पत म्हणतो ती ह्या बेरेटाला पुरेपूर होती. ते अडले नाही, फसले नाही. जुनी रिव्हॉल्व्हरे निकामी निघाल्यामुळे राष्ट्राला दहा दिवस मिळाले होते आणि एका चांगल्या लौकिकाच्या जुन्या पिस्तुलाने ते संपविले. वस्तूचा गुण हा माणसाच्या हेतूपासून वेगळा काढता येत नाही, हे ह्याहून कठोरपणे कोण सांगेल? त्या हत्येनंतर साने गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ सुरू केली. पिस्तुलाला त्यांचे उत्तर साप्ताहिकाचे होते.

त्याच ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर मारले गेले. १६ फेब्रुवारी २०१५ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व चार दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला प्रा. कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ला बंगळुरात गौरी लंकेश. कलबुर्गी व लंकेश ह्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या एकाच पिस्तुलातून आल्याचा निष्कर्ष न्यायवैद्यक तपासात निघाला. १९४८ साली मारेकऱ्याला दूरच्या शहरात जाऊन विदेशी पिस्तूल शोधावे लागले; आता विचारवंताला मारण्यास देशी बनावटीचे निनावी हत्यार पुरते. मे २०२४मध्ये दाभोलकरांच्या खून खटल्यात दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले. हत्यारासाठी ठाण्याच्या बाजूच्या खाडीचा तळ धुंडाळावा लागला होता. बिनक्रमांकाच्या हत्याराचा हाच लौकिक! ते सत्याला साक्षीदार ठेवीत नाही.

मग उपाय कोणता? दोन टोकांच्या भूमिका ऐकू येतात. एक म्हणते, सज्जनांच्या हाती शस्त्र द्या म्हणजे दुर्जन वचकतील. परंतु बाजारभाव काय सांगतो? शस्त्र सज्जनाकडे जात नाही. ते ऐपतवानाकडे जाते. दुसरी भूमिका म्हणते, भट्ट्या उद्ध्वस्त करा, कारागिरांना जेरबंद करा. तसे अनेकदा झाले आहे. हाताला दुसरे काम नसेल तर तोच हात पुन्हा तेच काम करतो.

ह्या संदर्भात स्पेनमधील आयबार गावाची कहाणी उद्बोधक आहे. बास्क प्रांतातले हे गाव पिस्तुलांसाठी प्रसिद्ध होते. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुले कमी पडली तेव्हा तेथील छोट्या-छोट्या कर्मशाळांनी ‘रुबी’ नावाची पिस्तुले मोठ्या संख्येने बनवून दिली. प्रत्येक कर्मशाळेचे माप थोडे वेगळे, एकाचा भाग दुसऱ्याला बसेना. त्यामुळे जुन्या बाजारात त्या मालाची पत कायमची उतरली. युद्ध संपले, मागणी आटली, कामगारांवर बेकारी आली. तेव्हा १९२० साली तेथील समाजवादी कामगारांनी ‘आल्फा’ नावाची शस्त्र बनविणारी सहकारी संस्था काढली आणि त्याच दशकात ती शिवणयंत्रांकडे वळविली. तोच पोलाद, तीच कानस, तेच हात. पण बाहेर पडू लागले शिवणयंत्र. त्याच गावच्या इतर पिस्तूल कारखान्यांनी सायकली बनवावयास घेतल्या. १४ एप्रिल १९३१ला स्पेनमध्ये प्रजासत्ताकाचा झेंडा प्रथम फडकला तो ह्याच कामगारांच्या गावात. कारागिराला गुन्हेगार न मानता त्याच्या कौशल्याला दुसरी वाट काढून दिली तर काय होऊ शकते, ह्याचा हा पुरावा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असे का होऊ नये? शेतीची अवजारे, पंपांचे सुटे भाग, शस्त्रक्रियेची साधने, कुलुपे ह्यांना सूक्ष्म मापाचे कसब लागते आणि ते तेथे आहे. लागते ते भांडवल, शिक्षण, हमीची खरेदी आणि दोन्ही राज्य सरकारांची इच्छा. धाडींवर जेवढा खर्च होतो त्याचा काही भाग सहकारी कर्मशाळांकडे वळविण्याची मागणी समाजवादी पक्षाने केली पाहिजे.

त्याचबरोबर इतरही मागण्या आहेत. प्रत्येक जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या, ते देण्याची कारणे व रद्द केल्याची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. काडतुसांचा हिशेब कसोशीने घेतला जावा. जप्त शस्त्रे कोणाही लोकप्रतिनिधीस विकली जाऊ नयेत. ती वितळविली जावीत. परवानाधारक मेल्यावर वा परवाना संपल्यावर त्याचे हत्यार वारसांनी बाजारात नेण्याऐवजी सरकारने वाजवी भरपाई देऊन परत घ्यावे व नष्ट करावे, म्हणजे टंचाईच्या नफ्याचे मूळच तुटेल. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारे पोलिसांकडे जमा करवून घेतात. म्हणजे लोकशाही आणि पिस्तूल एकत्र नांदत नाहीत, हे सरकारला मान्य आहे. मग ही मान्यता पाच वर्षांतून काही आठवड्यांपुरतीच का?

अखेरचा मुद्दा कार्यकर्त्याचा. बाजारभाव हा मागणीतून येतो आणि ह्या मागणीच्या मुळाशी लोकांचा आदर आहे. कमरेला पिस्तूल लावलेल्या पुढाऱ्यास गाव वाट मोकळी करून देते, सभेत पुढची खुर्ची देते, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेते. हा आदर आटला तर ते लाखमोलाचे रिव्हॉल्व्हर किलोभर मोडीचे लोखंड आहे. म्हणून ज्या व्यासपीठावर शस्त्रधारी अंगरक्षकांचा देखावा असेल त्यावर समाजवादी कार्यकर्त्याने बसू नये. ज्या वरातीत गोळ्या झाडल्या जातात तिचे जेवण त्याने घेऊ नये. गावातील परवान्यांची यादी त्याने माहितीच्या अधिकारात मागावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. ह्या गोष्टी लहान आहेत. परंतु प्रतिष्ठा ही अशा लहान गोष्टींनीच वाढते आणि उतरते.

पहाटे फिरावयास निघालेला म्हातारा संपादक पिस्तूल बाळगीत नाही. त्याच्याजवळ फार तर एक काठी असते आणि डोक्यात उद्याचा अग्रलेख असतो. अशी माणसे निर्धास्तपणे फिरू शकतील एवढी सुरक्षितता ज्या दिवशी ह्या समाजात येईल, त्या दिवशी जुन्या पिस्तुलाचा खरा भाव ठरेल: वजनावर, मोडीच्या दराने.